विजेची सुरगाठ

मराठीत गाठी दोन प्रकारच्या. निरगाठ आणि सुरगाठ. निरगाठ आधी नखांनी, मग दातांनी, मग सुईने आणि शेवटी कात्रीने सोडवतात. सुरगाठीचं एक टोक ओढलं की ती मुकाट सुटते. पायजम्याच्या नाडीला यांतली कोणती मारावी हे ज्याला घरी कळत नाही, त्याला ते शाळेत, मधल्या सुट्टीत, फार घाईच्या वेळी कळतं. मी तर पुढे चौतीस वर्षं सरकारी कचेरीत बस्ते बांधले आणि सोडले. बस्त्याला निरगाठ मारणारा नवा कारकून आठवड्याभरात ओळखू येई. साहेब फाइल मागत, आणि हा टेबलाखाली वाकून दात लावत असे. तेव्हा गाठींच्या बाबतीत आपल्याला कुणी काही शिकवावं असं आता उरलेलं नाही, अशा समजुतीत मी निवृत्त झालो. पुढच्याच वर्षी आमचे साडूभाऊ मुंबई सोडून ग्वाल्हेरला राहायला आले. येताना शिडाची होडी घेऊन आले.

ट्रकवरून. लोकांची कपाटं येतात, दिवाण येतो, फार तर तुळशीवृंदावन येतं. यांची सोळा फुटी फायबरची होडी आली, डोलकाठी आडवी बांधलेली, खाली चाकांचा गाडा. ट्रक आमच्या गल्लीत शिरेना म्हणून तो कंपूच्या रस्त्यावर उभा राहिला आणि तासाभरात निम्मं लष्कर येऊन बघून गेलं. "भाईसाब, पानी की टंकी है?" असं एकाने विचारलं. एप्रिल-मेमध्ये नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या मोहल्ल्यातला हा अगदी स्वाभाविक प्रश्न होता. आमची नदी म्हणजे स्वर्णरेखा. तिच्या नावातलं सोनं तेवढं शिल्लक आहे, बाकी नाला आहे.

साडूभाऊ मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला उभं करून सांगत की होडी आणि ग्वाल्हेर यांचं नातं वाटतं तितकं हसण्यासारखं नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली, तिचंच शहर झालं आणि त्याला नाव पडलं लष्कर. हाच फारसी शब्द पोर्तुगीजांच्या आणि इंग्रजांच्या तोंडात जाऊन 'लास्कर' झाला, आणि लास्कर म्हणजे जहाजावरचा हिंदी खलाशी. "म्हणजे तुम्ही लष्करवाले सगळे मूळचे खलाशीच!" मी म्हटलं, खलाशी तर आहेतच. आमच्याकडे खल्लासीपुरा नावाची वस्तीच आहे. फक्त छावणीतला खलाशी तंबू ठोकणारा असे; कनात हेच त्याचं शीड आणि खुंटी हाच त्याचा नांगर. उद्या उठायचं म्हणून उभारलेली ही छावणी दोनशे वर्षं उठलेली नाही. सुरगाठीची निरगाठ कशी होते हे ज्याला पाहायचं असेल त्याने बाड्यावर, म्हणजे लष्करच्या मुख्य चौकात, येऊन चौफेर नजर टाकावी.

साडूभाऊंच्या भात्यातला दुसरा बाण याहून मोठा होता. माधवराव शिंद्यांनी, म्हणजे आमच्या माधो महाराजांनी, १९१४ च्या अखेरीस एक अख्खं प्रवासी जहाज विकत घेतलं. 'एम्प्रेस ऑफ इंडिया' हे त्याचं नाव. १८९१ पासून ते प्रशांत महासागरावर धावत होतं. महायुद्धातल्या जखमी हिंदी सैनिकांसाठी त्याचं रुग्णालय केलं आणि नाव ठेवलं 'लॉयल्टी'. युद्ध संपल्यावर ते वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींनी घेतलं आणि नव्या कंपनीला नाव दिलं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ रोजी हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं. इंग्रज कंपन्यांच्या मक्तेदारीला ते मोठं आव्हान होतं, आणि त्याची आठवण म्हणून १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळतात. थोडक्यात, देशाचा सागरी दिन हा ज्या गावाला समुद्र नाही त्या गावाच्या राजाच्या जहाजामुळे आहे. हे सांगताना साडूभाऊंचा आवाज भरून येई. ते स्वतः तीसेक वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होते. त्यांची इंजिनं दोन-तीन मजली असत. "तिथे इंजिन काढून घरी न्यायची पद्धत नसते," असं ते म्हणत. पुढे हेच वाक्य आमच्या गळ्यात पडलं.

होडी शहरापासून तासाभरावरच्या एका जलाशयावर ठेवायची परवानगी मिळाली. कशी मिळाली हा वेगळा लेख आहे आणि तो मी पेन्शन चालू असेपर्यंत लिहिणार नाही. बायकांची एकच अट होती, मगरी नसलेलं पाणी हवं. शिवपुरीला साख्यसागराच्या काठी शिंद्यांच्या वेळचा सेलिंग क्लब आहे, इमारत फार देखणी, २०२२ मध्ये तलावाला रामसर स्थळाचा मानही मिळाला. पण तिथे काठावर ओंडके पडलेले दिसतात आणि मधूनच एखादा ओंडका जांभई देतो. माझ्या बायकोने ते एकदा पाहिलं आहे. एकदाच.

आता, शिडाच्या होडीला मोटर कशाला, हा प्रश्न मीही विचारला होता. वारा पडला की शिडाची होडी म्हणजे पाण्यावर ठेवलेला पाट. काठाला लागताना, धक्क्याशी वळताना, संध्याकाळी घरी परतताना मागे एक मोटर टांगलेली असावी लागते. तिला आउटबोर्ड म्हणतात. या यंत्राच्या जन्माची कथा साडूभाऊंच्या आवडीची होती. अमेरिकेत ओले एव्हिनरूड नावाचा नॉर्वेहून आलेला कारागीर होता. सहलीला गेला असताना त्याच्या प्रेयसीने आइस्क्रीम हवं म्हटलं. हा वल्ही मारत तळं ओलांडून गेला, आइस्क्रीम घेतलं, वल्ही मारत परत आला, आणि तोवर त्याचं दूध झालं होतं. त्या संतापात त्याने होडीच्या मागे टांगायची मोटर केली आणि १९०९ मध्ये ती विकायला काढली. ती तऱ्हेची पहिलीच मोटर नव्हे, पण धंद्याला लागली ती हीच. प्रेयसीशी त्याने लग्नही केलं. "जाहिराती तिनेच लिहिल्या," असं साडूभाऊ सांगत, आणि माझ्या मेहुणीकडे बघत. ती म्हणे, "मी असते तर कुल्फीवाला काठावरच उभा केला असता."

साडूभाऊंची मोटर आठ अश्वशक्तीची, वजनाला चाळीसेक किलो. एरवी अशा मोटरी दोरी हिसडून चालू करतात, जुन्या जनरेटरसारख्या. पण साडूभाऊंचा उजवा खांदा आखडलेला. डॉक्टरांनी हात वर नेताना जपायला सांगितलेलं. म्हणून किल्ली फिरवून चालू होणारी मोटर, किल्लीसाठी बॅटरी, आणि बॅटरीसाठी वायर. एका खांद्यापोटी एवढा संसार. मोटर जलाशयावर ठेवायची सोय नव्हती. चोर आणि माकडं या दोघांपैकी तिथल्या चौकीदाराला माकडांची जास्त काळजी. तेव्हा दरवेळी मोटर काढायची, गाडीत घालायची, बॅटरीही चार्जिंगला घरी आणायची, आणि पुढच्या खेपेला सगळं पुन्हा जोडायचं.

कारखान्यातून आलेली रचना अशी. मोटरमधून करंगळीएवढ्या जाड दोन वायरी निघतात, लाल आणि काळी. टोकाला तांब्याची थिंबलं, ती बॅटरीच्या खुंट्यांवर नटाने आवळायची. बॅटरी होडीच्या मागच्या पोटात, झाकणाखाली. म्हणजे काढताना पालथं पडायचं, डोकं त्या बिळात घालायचं, एका हातात विजेरी, दुसऱ्या हातात तेरा नंबरचा पाना. आधी काळी काढायची, मग लाल. लावताना आधी लाल, शेवटी काळी. हा क्रम साडूभाऊंनी मला संध्येसारखा पाठ करून घेतला. त्याला कारण आहे. लाल सोडवताना पाना चुकून मोटरच्या लोखंडाला टेकला आणि काळी अजून जोडलेली असली, तर सगळी बॅटरी त्या पान्यातूनच रिकामी होऊ बघते. मी हे प्रयोगाने सिद्ध केलं. दिवाळीत जे झाड लावायला पाच मिनिटं लागतात ते तिथे अर्ध्या सेकंदात लागलं. पान्याला जो दात पडला तो अजून आहे, आणि तो पाना आमच्याकडे आता पाहुण्यांना दाखवतात. शिवाय प्रत्येक खेपेला एक नट पाण्यात. त्या जलाशयाचा गाळ कधी काढलाच, तर कंत्राटदाराला तळाशी पितळेची खाण लागेल.

तिसऱ्या खेपेनंतर मी म्हणालो, "भाऊसाहेब, मधे कुठेतरी जोड करून घेऊ. जाणकार माणसाला दाखवू." साडूभाऊ गप्प. जहाजावर माणूस हाताखाली दहा जण घेऊन काम करतो. तेरा नंबरचा पाना स्वतः शोधायची वेळ त्याच्यावर निवृत्तीनंतर येते.

बाजारात एक ऑटो इलेक्ट्रिशियन मिळाला. त्याने मोटरीकडे पाहिलं, मला पाहिलं, आणि काही न विचारता वायर कापली. मग दोन्ही टोकं सोलली, एकमेकांत पिळली, वर काळी टेप गुंडाळली, त्यावर पुन्हा टेप, त्यावर पुन्हा. अजगराने ससा गिळल्यावर दिसतो तसा जोड तयार झाला. "बाबूजी, ऐसा पक्का जोड़ा है, सात जनम नहीं खुलेगा."

मी म्हणालो, मला खुलणाराच हवा होता.

त्याने माझ्याकडे ज्या दयेने पाहिलं ती मला अजून आठवते. चूक त्याची नव्हतीच. आपल्याकडे 'पक्कं' या शब्दाचा अर्थच मुळी 'पुन्हा न उघडणारं' असा आहे. सुतार पक्कं काम करतो म्हणजे स्क्रू हातोडीने ठोकतो. प्लंबर पक्कं काम करतो म्हणजे पुढच्या वेळी भिंत फोडावी लागते. स्नानगृहाच्या नळाची एक चकती बदलायला आमच्या शेजाऱ्यांनी तीन फरश्या दिल्या आहेत. जोडण्याचे समारंभ आपल्याकडे भरपूर, सोडवण्याची कला मात्र कुणी कुणाला शिकवत नाही. फोन घ्यायला एक सही लागते. तो बंद करायला मी गेलो तेव्हा तीन खिडक्या, दोन अर्ज आणि वडिलांच्या मृत्यूचा दाखला लागला, फोन माझ्याच नावावर असताना. लग्न जमवणारे काका प्रत्येक घरात असतात. चार वाजता आलेल्या पाहुण्याला सातच्या आत उठवणारा काका मी अजून पाहिलेला नाही.

त्या टेपचं पुढे व्हायचं तेच झालं. ग्वाल्हेरच्या मार्चमधल्या उन्हात डिंक वितळला, त्याला धूळ चिकटली, आणि ज्या हाताने जोड धरला तो हात तासभर कशालाही चिकटू लागला. आतली पिळलेली तार मोटरीच्या थरथरण्याने सैल झाली. सैल जोड म्हणजे अरुंद वाट. स्टार्टर त्या दोन-चार सेकंदांत पन्नासाच्या पुढे अँपिअर मागतो, आणि एवढी गर्दी अरुंद वाटेने निघाली की वाट तापते. किल्ली फिरवली की मोटर नुसती कण्हायची आणि जोडातून अगरबत्तीसारखी धुराची रेघ निघायची.

इथे मला माधो महाराजांचीच आठवण झाली. जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी आहे. रुळांवरून विजेवर धावते, डब्यांत काचेच्या सुरया. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबते, जागेवर ठेवली की पुन्हा निघते. म्हणजे उचलताच प्रवाह तुटतो आणि ठेवताच जुळतो. पाना नाही, टेप नाही, पालथं पडणं नाही. ही गाडी एका मेजवानीत बिथरून सुसाट सुटली आणि तिने बड्या पाहुण्यांच्या अंगावर खाद्यपेयं उडवली, अशी एक गोष्ट ग्वाल्हेरात चवीने सांगतात. पण ती गोष्ट बाजूला ठेवली तरी कल्पना पाहा. शिवाय इकडे तिघऱ्याच्या धरणावर विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे बसवलेले होते, खडकवासल्याला १९०३ मध्ये पहिल्यांदा बसवले तसे. पाणी ठरावीक पातळीला आलं की दरवाजे आपले आपण उघडत, उतरलं की मिटत. ज्या गावाच्या आसपास शंभर वर्षांपूर्वी एवढं सहज उघडत-मिटत होतं, तिथे दोन वायरी सुटू नयेत?

साडूभाऊंनी मग स्वतः डोकं लढवलं. घरात गीझर आणि कूलरसाठी आणलेला मोठा तीन पायांचा प्लग पडला होता. तो मोटरीकडच्या वायरीला लावला, सॉकेट बॅटरीकडच्या वायरीला. लावला की खट् बसतो, ओढला की निघतो. सुरगाठच. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी मोटर साडूभाऊंच्या व्हरांड्यात टेकवून ठेवली होती, प्लग लोंबत होता. भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी तो पाहिला. दयाळू बाई. रोज कुणाचा ना कुणाचा फोन, टॉर्च, ट्रिमर चार्जिंगला लावून द्यायची त्यांना सवय. प्लग हातात घेऊन भिंतीतल्या सॉकेटपाशी वाकल्या आणि तिथून ओरडून विचारलं, "साहेब, इसको भी लगा दूँ चार्जिंग पे?"

साडूभाऊंचा खांदा वर जात नाही असं डॉक्टर म्हणत. त्या क्षणी तो कानाच्या वर गेला. बारा व्होल्टच्या मोटरीला घरातले दोनशे तीस व्होल्ट लागले असते तर काय झालं असतं, हे त्यांनी मावशींना सांगितलं नाही. मला सांगितलं, आणि सांगताना खुर्चीत बसून सांगितलं. प्लग तिथल्या तिथे कापून फेकला. घरातला प्लग घराबाहेरच्या विजेला कधीच लावायचा नाही, एवढं आम्हा दोघांना मावशींनी शिकवलं. त्यांचा पगार पुढच्या महिन्यात वाढला. का वाढला ते त्यांना अजून कळलेलं नाही.

उत्तर शेवटी गल्लीच्या तोंडाशीच उभं होतं. तिथे ई-रिक्षा लागतात. एक चालक रोज दुपारी जेवायला येई, सीट उचलून बॅटऱ्यांना चार्जर लावी आणि डबा उघडी. तो चार्जर लावताना मी शेकडो वेळा पाहिला होता, पण पाहणं आणि दिसणं यांत फरक आहे. अंगठ्याएवढी दोन प्लॅस्टिकची चपटी ठोकळी एकमेकांवर दाबली की टक्, ओढली की सुटी. आत तांब्याच्या जाड जिभा, वरून चांदीचा मुलामा. "बाबूजी, दिन में दो बार खोलता हूँ, तीन साल से," तो म्हणाला आणि पोळीचा घास घेतला. त्याला आम्ही जवळजवळ कडेवर घेऊन साडूभाऊंकडे नेलं.

या जोडात एक खुबी आहे, आणि ती साडूभाऊंच्या आधी माझ्या लक्षात आली याचा मला अभिमान आहे. एरवी प्लग-सॉकेट म्हणजे वरपक्ष आणि वधूपक्ष. एकाने घुसायचं, दुसऱ्याने सोसायचं. इथे दोन्ही अर्धे अगदी सारखे. कुठलाही अर्धा उचला, उलटा करून दुसऱ्यासमोर धरा, जुळतो. लहान-मोठा नाही, मानपान नाही. म्हणजे हे दोघे साडू. साडूंचं नातंही असंच असतं. दोघे एकाच मांडवातून बाहेर पडलेले, दोघांची पायरी एकच, दोघांना एकमेकांवर रुसायचा अधिकार नाही, आणि दोघांतून वाहणारा प्रवाह मुळात दोन बहिणींचा. हे मी साडूभाऊंना बोलून दाखवलं. ते बराच वेळ त्या ठोकळ्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आणि तापतात कधी?" मी म्हटलं, दिवाळसणाला.

मूळ योजनेत रंगांनाही अर्थ आहे. पिवळा बारा व्होल्टचा, लाल चोवीसचा, करडा छत्तीसचा, निळा अठ्ठेचाळीसचा. आणि एका रंगाचा दुसऱ्यात बसतच नाही. इथे सगोत्र असेल तरच लग्न लागतं. ई-रिक्षात बारा-बाराच्या चार बॅटऱ्या म्हणजे अठ्ठेचाळीस व्होल्ट. पण आमच्या बाजारात सगळ्या व्होल्टांचं एकच गोत्र, करडं. पिवळ्यासाठी साडूभाऊंनी मुंबईहून मागवायची चिकाटी धरली आणि ती योग्य होती, असं मी त्या वेळी म्हणालो नाही, आता म्हणतो.

जोड करायचं काम ई-रिक्षावाल्यानेच केलं. वायरी पिळल्या नाहीत, डाकही दिला नाही. जिभेच्या शेपटीत तार घालून ती मोठ्या पकडीने अशी चेपली की तार आणि तांबं एक झालं. वर रबरी नळी सरकवून काडेपेटीच्या आचेने आवळली. बॅटरीजवळ एक फ्यूज. वायरीवर ओढ येऊ नये म्हणून जोडाच्या मागे दोरीचा एक फेरा होडीच्या कडीला. तो मात्र मी बांधला, बस्त्याचा. सगळ्यात शेवटी लालसमोर लाल आणि काळ्यासमोर काळा येतो ना, हे साडूभाऊंनी मीटर लावून तीनदा पाहिलं. एकदा उलट जोडलं की मोटरीतल्या चार्जिंगचे डायोड डोळ्याचं पातं लवायच्या आत जातात. मोटर चालू असताना जोड ओढला तरी जातात. म्हणून ठोकळ्यावर मी जाड अक्षरांत लिहिलं: 'चालू असताना ओढू नये.' मेहुणीने ते वाचलं आणि म्हणाली, "हे यांच्या पाठीवर लिहायला हवं होतं."

मोटरीत एकच गोष्ट कारखान्यानेच सुरगाठीच्या न्यायाने केलेली होती. समोर लाल बटण, त्याखाली अडकवायची चिमट्यासारखी चकती, तिला स्प्रिंगसारखी गुंडाळलेली लाल दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस पाण्यात पडला की दोरी ओढली जाते, चकती निघते आणि मोटर बंद पडते. चकती नसेल तर मोटर चालूच होत नाही, किल्ली फिरवा, दोरी हिसडा, नाहीतर नवस बोला. ही दोरी साडूभाऊ घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला टांगत. तिथे म्हणे ती हरवणार नाही.

उद्घाटन अर्थातच ५ एप्रिलला. २०२५ साली त्या दिवशी शनिवार होता, दुसऱ्या दिवशी रामनवमी. सकाळी सहाला निघालो, चौघे. बरोबर श्रीखंडाचा स्टीलचा डबा, बर्फाच्या पिशवीत. पुऱ्या, बटाट्याची भाजी. साडूभाऊंनी जहाजावरची जुनी टोपी घातली होती. मोटर मागच्या फळीवर बसवली, बॅटरी पोटात ठेवली, आणि मग त्यांनी ते दोन पिवळे ठोकळे एकमेकांसमोर धरले. अंतरपाट तेवढा नव्हता. टक्. चार सेकंद. पूर्वी याला पाऊण तास आणि एक नट लागायचा.

काठावरची झुळूक आम्हाला मध्यापर्यंत घेऊन गेली आणि तिथे सोडून निघून गेली. ऊन चढलं. शीड डोलकाठीवर वाळत टाकलेल्या धोतरासारखं लोंबू लागलं. "आता मोटर," साडूभाऊ म्हणाले आणि किल्ली फिरवली.

"टक्."

हा टक् वेगळा होता. पुन्हा फिरवली. आणखी बारीक टक्. जोड तपासला, उत्तम. फ्यूज शाबूत. मीटर लावला तर बॅटरी पार निजलेली. काल रात्रभर चार्जिंगला होती ना? तेव्हा मेहुणीला आठवलं. "अहो, ती गल्लीतल्या पोरांनी नेली होती पहाटे. प्रभातफेरीच्या भोंग्याला. आता काय, ओढली की सुटते म्हणे. मीच दिली काढून. पाचच्या आत आणूनही ठेवली बिचाऱ्यांनी. प्रसादही दिलाय, पेढे आहेत त्या पिशवीत."

पेढे खाल्ले. मग दोरी हिसडायची ठरलं, आणि आखडलेला खांदा त्यांचा असल्यामुळे हिसडायची मी. एक, दोन, पाच, बारा. पेट्रोलचा वास सुटला, मोटर ढिम्म. साडूभाऊ बाजूने सूचना देत होते, जहाजावर देत असतील तशा: चोक ओढा, चोक सोडा, गिअर मधे आहे का, श्वास घ्या. विसाव्या हिसड्याला मला वाटलं, आता माझाही खांदा त्यांच्याशी सगोत्र होणार. होडीत एकच वल्हं होतं. ते मी डावीकडून मारी, मग उजवीकडून, मग साडूभाऊ एका हाताने. अकराच्या सुमाराला आम्ही काठाला लागलो. बर्फाच्या पिशवीत तोवर कोमट पाणी झालं होतं.

झाडाखाली सतरंजी पसरली. माझ्या बायकोने श्रीखंडाचा डबा समोर घेतला, झाकणावर बांधलेल्या दोरीचं टोक धरून ओढलं, आणि ती लाल, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली दोरी एका झटक्यात सुटून साडूभाऊंच्या मांडीवर पडली. टोकाला चकती होती.

आम्ही दोघे त्या दोरीकडे बघत राहिलो.

"झाकण सैल झालंय त्याचं," बायको म्हणाली, "म्हणून दारामागची घेतली. तुमचीच सुरगाठ मारलीय, बस्त्याची. बघा ना, कशी चटकन सुटली." मग तिने डब्यात डाव घातला, तो कुठेही न अडकता तळाला गेला, आणि तिने पेले मागितले.

"पियूष छान झालंय," साडूभाऊ म्हणाले.